निगेटिव्ह एक, टिपणं पाच

पत्र:

ताई, नमस्कार. मी लालबागला राहतो, वय २६. आठवडाभर हिशेबाचं काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या ढोल-ताशा पथकाचे फोटो काढतो. या वर्षी आगमनाच्या मिरवणुकीत एक फोटो छान मिळाला. एक ताशावाला डोळे मिटून वाजवतोय, डोक्यावर केशरी फेटा आणि आजूबाजूला गुलालच गुलाल. तो फोटो आता सगळ्यांना हवाय. मंडळाला स्मरणिकेसाठी रंगीत आणि उभा, बॅनरवाल्याला आडवा पट्टा, पथकाच्या इन्स्टाग्रामसाठी चार-पाचच्या मापात, आणि मला स्वतःला एका स्पर्धेसाठी तो कृष्णधवल करायचाय. शिवाय त्या ताशावाल्याच्या आईला फ्रेम करून हवाय. फोटो सुधारायला मी लाइटरूम क्लासिक हे सॉफ्टवेअर वापरतो. दर कामासाठी अख्खा फोल्डर कॉपी करतो आणि वेगळा इम्पोर्ट करतो. 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरा' अशी फोल्डरं झालीत. लॅपटॉप ५१२ जीबीचा, तो भरला. परवा स्मरणिकेला चुकून इन्स्टाग्रामवालाच फोटो गेला. चुलतभाऊ म्हणतो, व्हर्च्युअल कॉपीच्या भानगडीत पडू नकोस, त्या आपोआप उडतात. तो स्वतः डार्कटेबल नावाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरतो. काय करू?

उत्तर:

तुझं पत्र वाचताना मला वडिलांचं कपाट आठवलं. ठाकूरद्वारला आमचा छोटा फोटो स्टुडिओ होता आणि मागच्या खोलीत डार्करूम. वडील प्रत्येक निगेटिव्ह खाकी पाकिटात ठेवायचे आणि पाकिटावर पेन्सिलीनं लिहायचे: 'इंदू, २ नंबर, १४ सेकंद, चेहरा ३ सेकंद झाकणे.' इंदू म्हणजे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कागद, आणि नंबर म्हणजे त्या कागदाचा कडकपणा. जितका नंबर मोठा, तितका काळ्या-पांढऱ्यातला फरक जास्त. खाली दुसरी ओळ असे: 'छपाईसाठी ३ नंबर, ११ सेकंद, डावीकडचा पंखा कापणे.' कधी तिसरीही. मुलीकडच्यांना अल्बमसाठी मऊ प्रिंट लागायची, पत्रिका छापणाऱ्याला ठसठशीत. निगेटिव्हवरून दुसरं निगेटिव्ह करता येत असे, पण त्यात बारकावे मरतात, म्हणून वडील त्या वाटेला जात नसत. निगेटिव्ह एकच राही आणि पाकिटावरच्या ओळी वाढत जात.

व्हर्च्युअल कॉपी म्हणजे पाकिटावरची पुढची ओळ. हे मनात नीट बसलं की पुढचं सगळं तुझं तुलाच सुचेल.

तू रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या फाइलवर काम करतोस तेव्हा लाइटरूम त्या फाइलला हात लावत नाही. उजेड किती वाढवला, कुठे कापलं, सावल्या किती उघडल्या, हे सगळं आकड्यांत लिहून ठेवतो आणि फोटो उघडला की दर वेळी त्या आकड्यांप्रमाणे तो नव्यानं दाखवतो. हे टिपण काही केबींचं असतं. मास्क, म्हणजे फोटोच्या ठरावीक भागापुरत्याच केलेल्या दुरुस्त्या, पुष्कळ असतील तर थोडं वाढतं. तुझी २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण २५ एमबीची धरू. आगमनाचे १,२०० फोटो म्हणजे ३० जीबी. पाच कामांसाठी पाच फोल्डर म्हणजे १५० जीबी, आणि त्यातले १२० जीबी निव्वळ पुनरावृत्ती. बरं, प्रत्यक्षात त्या १,२०० पैकी पाच रूपांत लागणारे फोटो किती असतील? दहा-बारा. तेवढ्यांसाठी तू अख्खं कपाट पाच वेळा घरात आणून ठेवलंस.

आता करायचं काय ते सांगते. तो ताशावाला निवड, राइट क्लिक कर आणि 'क्रिएट व्हर्च्युअल कॉपी' घे. विंडोजवर कंट्रोल दाबून एकेरी अवतरणचिन्हाची की दाबली तरी तेच होतं. शेजारी दुसरा फोटो उभा राहील, खालचा डावा कोपरा दुमडलेला. फोल्डर उघडून बघ, तिथे नवी फाइल आलेली नसेल.

पण ही कॉपी घाईनं करू नकोस. ती जन्मते तेव्हा मूळ फोटोवर त्या क्षणी जे काही केलेलं असतं, ते सगळं घेऊन जन्मते. म्हणून आधी मूळ फोटोवर पाया घाल. व्हाइट बॅलन्स, लेन्सची दुरुस्ती, सेन्सरवरच्या धुळीचे डाग, तिरकी झालेली क्षितिजरेषा, चेहऱ्यावर लागेल तेवढा उजेड, म्हणजे पाचही रूपांत जे सारखंच राहणार आहे ते. मग फांद्या फोड. मी सुरुवातीला उलटं करायची. कॉपी आधी आणि डाग नंतर, म्हणजे एकच डाग पाच वेळा काढत बसायचं. समजा डाग राहिलाच आणि नंतर दिसला, तर एका कॉपीवर काढ, तीच आधी निवड, मग बाकीच्या निवड आणि 'सिंक' घे. जी यादी उघडते तिच्यातल्या सगळ्या खुणा काढून फक्त डाग काढण्याची खूण ठेव. क्रॉपची खूण राहिली तर पाचही फोटो एकाच मापात कापले जातील आणि तुझी अर्धी रात्र त्यात जाईल.

स्मरणिकेत इन्स्टाग्रामचा फोटो गेला त्यामागे तुझा हलगर्जीपणा नाही. 'फायनल खरा' या नावातून तो कुणाचा हे कळतच नाही, म्हणून तो गेला. मेटाडेटाच्या पट्टीत 'कॉपी नेम' असा रकाना असतो, तिथे लाइटरूम आपलं 'कॉपी १', 'कॉपी २' लिहून ठेवतो. ते खोडून कुणासाठी ते लिही: 'स्मरणिका', 'बॅनर', 'इन्स्टा', 'स्पर्धा', 'आई'. एक्सपोर्ट करताना फाइलच्या नावात हे कॉपी नेम आपोआप यावं अशी सोय नाव ठरवण्याच्या टेम्प्लेटमध्ये आहे, ती एकदा लावून ठेव. छापखान्याला जाणाऱ्या फाइलवरच 'स्मरणिका' लिहिलेलं असेल तर ती बॅनरवाल्याकडे जाणार नाही. माझा स्वतःचा नियम असा आहे की त्या रकान्यात कुणाचं तरी किंवा कशाचं तरी नाव लिहिता आलं नाही, तर ती कॉपी मी ठेवत नाही. नुसतं 'जरा उबदार' आणि 'अजून जरा उबदार' असं मनाशी चाललेलं असेल तर त्यासाठी स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या टप्प्यावर जपून ठेवलेल्या सेटिंग्ज आहेत. ते एकाच फोटोच्या पोटात राहतात आणि गठ्ठ्यात गर्दी करत नाहीत.

मापांचा हिशेब तुझ्या एकाच आडव्या फोटोतून सहज सुटतो. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो आहे असं धरते. स्मरणिकेचं पान ए-५ असेल तर पूर्ण पानाला ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, सुमारे १७५० बाय २४८० पिक्सेल लागतात, आणि तुझ्या फोटोतून उभा तुकडा कापला तरी २८०० बाय ४००० च्या आसपास उरतात. छापखान्यानं कडेला कापण्यासाठी जागा मागितली तर तीही निघेल. बॅनर १२ फूट बाय ४ फूट असेल तर ६००० बाय २००० चा पट्टा काप. इंचाला चाळीसेक पिक्सेल पडतात, जवळून फुटका दिसेल, पण तो रस्त्याच्या पलीकडून बघायचा असतो. तिथे फक्त फेट्याचा तुरा आणि ताशाची कड पट्ट्यात बसते ना, एवढं बघ.

आता गुलाल. यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण रंगीत आणि कृष्णधवल या दोन कॉपी खऱ्या अर्थानं वेगळ्या होतात त्या इथेच. रंगीत फोटोत गुलालाचा लाल लवकर भरून जातो. ढगासारखा उडालेला गुलाल सपाट गुलाबी कागद चिकटवल्यासारखा दिसायला लागतो. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, लाल रेघ उजव्या भिंतीला टेकली की समजायचं. रॉमध्ये बारकावे बहुधा शाबूत असतात. लाल आणि मजेंटाचं सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणा, थोडं उतरव, त्यांचा उजेडही जरा खाली आण, की कण परत दिसू लागतात. छपाईच्या कॉपीत इन्स्टाच्या कॉपीपेक्षा अजून थोडं उतरव, कारण शाईला पडद्याइतका भडक लाल पेलत नाही. बघ, रंग दोन्हींत आहे, फोटो तोच आहे, तरी दोन टिपणं वेगळी हवीत.

कृष्णधवलमध्ये तोच गुलाल तुझ्या हातात असतो. प्रत्येक रंगाची करडी छटा किती उजळ हवी हे वेगवेगळं ठरवता येतं. लाल-मजेंटा वर नेला की गुलालाचं धुकं होतं आणि ताशावाला त्यातून बाहेर आल्यासारखा दिसतो. खाली आणला की तोच गुलाल वळवाच्या ढगासारखा अंगावर येतो. दोन्ही करून बघ. त्यासाठी घटकाभर दोन कॉपी ठेवल्यास तरी हरकत नाही, पण ठरलं की एक काढून टाक. फेट्याशी मात्र जपून. केशरी फेटा आणि आपल्याकडच्या माणसांची कांती, दोन्ही नारिंगीच्याच पट्टीत येतात. फेटा उजळायला गेलास की चेहराही पांढरा पडतो. तिथे ती पट्टी न हलवता फेट्यावर वेगळा मास्क घाल. मिटलेल्या डोळ्यांभोवतीचा घाम हाच त्या फोटोचा जीव असणार, तो पुसला गेला तर स्पर्धेला पाठवण्यासारखं काही राहणार नाही.

तुझ्या चुलतभावाचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि तो अर्धा भाग महत्त्वाचा आहे.

लग्नानंतर मी कलिन्याला तळमजल्यावर राहायला गेले. स्टुडिओ बंद झाल्यावर वडिलांची पाकिटं माझ्याकडे आली, खोक्यांत, पलंगाखाली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या घरात कमरेपर्यंत पाणी होतं. पाणी उतरल्यावर मी आणि माझ्या नणंदेनं दोन दिवस निगेटिव्ह ओली असतानाच पाकिटांतून सोडवली, स्वच्छ पाण्यात धुतली आणि दोऱ्यांवर कपड्यांसारखी वाळत घातली. बहुतेक फिल्म वाचली. पाकिटांचा लगदा झाला. फोटो होते, पण कुणाचा चेहरा किती सेकंद झाकायचा हे सांगणारी एकही ओळ उरली नाही, आणि वडील तोवर गेले होते. आजही ती निगेटिव्ह मी स्कॅन करते, पण ते माझं वाचन असतं, त्यांचं नसतं.

व्हर्च्युअल कॉपीचं तसंच आहे. मूळ फोटोवर केलेली एडिटिंग तू कंट्रोल-एस दाबून फाइलशेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या टिपणाच्या फाइलमध्ये उतरवू शकतोस, स्नॅपशॉटही तिथे जातात. व्हर्च्युअल कॉपी जात नाहीत. त्या फक्त कॅटलॉगमध्ये राहतात. कॅटलॉग म्हणजे लाइटरूम ही सगळी टिपणं ज्यात ठेवतो ती तुझ्या लॅपटॉपवरची एक फाइल, आणि ती गेली की फोटो सगळे जागेवर, कॉपी सगळ्या नाहीशा. आपोआप त्या उडत नाहीत. उडतात त्या अशा: कुणी विंडोज नव्यानं टाकतं आणि फोटोंचं फोल्डर आठवणीनं वाचवतं पण कॅटलॉग विसरतं. नाहीतर नव्या लॅपटॉपवर जुना कॅटलॉग न उघडता फोटो परत इम्पोर्ट करतं. किंवा मूळ फोटोच लाइटरूममधून काढून टाकतं, मग त्याच्या कॉपीही त्याच्याबरोबर जातात. उलट कॉपी काढून टाकलीस तर मूळ फोटोला धक्का लागत नाही.

म्हणून कॅटलॉग सेटिंग्जमध्ये जा आणि लाइटरूम दर वेळी बंद करताना बॅकअप घेईल असं ठेव. बंद करताना जी चौकट उघडते तिच्यात बॅकअपची जागा बदल. नाही बदललीस तर बॅकअप कॅटलॉगच्या शेजारीच, त्याच डिस्कवर पडतो, आणि डिस्क गेली की दोन्ही जातात. बाहेरच्या डिस्कवर घे. त्या बॅकअपमध्ये फोटो नसतात हेही ध्यानात ठेव. रॉ फायलींची प्रत वेगळी ठेवावी लागते. आणि गणपती झाले की त्या हंगामाचे फोटो निवडून 'एक्सपोर्ट ॲज कॅटलॉग' कर, मूळ फायली सोबत घेण्याची खूण लावून. कॉपी, नावं आणि रॉ एका फोल्डरात बसतात. ते फोल्डर पथकातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी घरी, शक्यतो वरच्या मजल्यावर ठेव.

चुलतभावाचं डार्कटेबल या एका बाबतीत उजवं आहे. तिथे फोटोचं प्रत्येक डुप्लिकेट स्वतःची छोटी एक्सएमपी फाइल रॉ फाइलशेजारी ठेवतं, नावात ०१, ०२ असा आकडा घालून. रॉ एकच राहते. फोल्डर उचलून दुसरीकडे नेलं की टिपणं बरोबर जातात, फक्त त्या छोट्या फायली कचरा समजून कुणी पुसू नयेत. पैसेही लागत नाहीत. पण एवढ्यासाठी तू लाइटरूम सोडावंस असं मला वाटत नाही. इथली एडिटिंग तिथे जशीच्या तशी उघडेल अशी अपेक्षाही ठेवू नकोस. तुम्हा दोघांना एकमेकांचं काम दाखवायचं असेल तर जेपेग द्या.

साठलेली फोल्डरं एका रात्रीत पुसायला बसू नकोस. आधी सगळं जसंच्या तसं बाहेरच्या डिस्कवर उतरव. मग फक्त ज्या दहा-बारा फोटोंची खरोखर वेगवेगळी रूपं आहेत तेवढेच घे. पहिल्या फोल्डरातला फोटो मूळ मान, त्याच्या व्हर्च्युअल कॉपी कर. 'फायनल २' मधल्या जुळ्या फोटोवरची सेटिंग्ज कंट्रोल-शिफ्ट-सीनं उचल, सगळ्या खुणा लावून, क्रॉप आणि मास्कसकट, आणि नव्या कॉपीवर कंट्रोल-शिफ्ट-व्हीनं उतरव. दोन्ही शेजारी ठेवून बघ. जुळले की जुळी फाइल काढून टाक. उरलेल्या हजारभर फोटोंना अशी रूपं नसतील, त्यांची जादा फोल्डरं सरळ जाऊ देत. मात्र एखाद्या जुन्या फोटोची रॉ हरवलेली असेल आणि फक्त एडिट केलेला जेपेग उरला असेल, तर तोच आता तुझं निगेटिव्ह. त्याला हात लावू नकोस.

वेगळी फाइल लागतेच अशी एक जागा आहे. बॅनरवर अक्षरं, मंडळाचं बोधचिन्ह, दोन फोटो जोडणं, यासाठी फोटोशॉपमध्ये जावं लागेल आणि तिथून टिफ, म्हणजे एक नवी मोठी फोटो-फाइल, परत येईल. २४ मेगापिक्सेलची १६ बिटची टिफ न दाबता ठेवली तर १४४ एमबीच्या घरात जाते, लेअर असतील तर त्याहून मोठी. तेवढी एक होऊ दे. सगळं रंगकाम लाइटरूममध्ये उरकून शेवटी तिकडे जा, म्हणजे दुसरी करावी लागणार नाही. आणि स्पर्धेवाले निकालाआधी पुष्कळदा मूळ रॉ मागतात. ती आता एकच असेल, शोधावी लागणार नाही.

राहिली ती आई. आठ बाय दहाची फ्रेम म्हणजे चार-पाचचंच प्रमाण, म्हणजे इन्स्टाग्रामचंच. तेव्हा नवं काही कापायला नको. 'इन्स्टा' कॉपीवरच उभा राहा, तिचीच एक व्हर्च्युअल कॉपी कर आणि नाव 'आई' लिही. कागद पडद्यासारखा आतून उजळत नाही, म्हणून थोडा उजेड वाढव, सावल्या किंचित उघड आणि चेहऱ्यावर तुला वाटेल त्याहून जरा जास्त दे. ३०० डीपीआयला २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात, तुझ्याकडे ३२०० बाय ४००० आहेत. आधी एक लहान प्रिंट काढून घरात खिडकीपाशी धरून बघ, मग मोठी काढ. हे काम वीस मिनिटांचं आहे, ते पहिलं कर. बॅनरवाला दोन दिवस थांबेल.